दुपारी दोन वाजले की लीडर बदलायलाय: टाइमआउट नेमका किती ठेवावा?

तेरणाकाठ

मांडणी आधी सांगतो, मग प्रश्न.

लातूरला मुख्य सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेसचा प्रायमरी, म्हणजे नोंदी घेणारी मूळ प्रत. नांदेडला स्टँडबाय, म्हणजे तिची राखीव नक्कल. छत्रपती संभाजीनगरला फक्त तिसरं मत द्यायला एक छोटी मशीन. तिन्ही ठिकाणी एटसीडी (मतांनी आपला लीडर निवडून सामाईक नोंद ठेवतो), लातूर-नांदेडला पॅट्रोनी (त्या नोंदीवरून प्रायमरी कोण ते ठरवतो). लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यातल्या ४० शाखा या सर्व्हरवर येतात. काही फायबरवर, उरलेल्या ४जीच्या डोंगलवर.

सेटिंग सगळ्या मूळच्याच आहेत. एटसीडीचा हार्टबीट, म्हणजे लीडरचा 'मी जिवंत आहे' हा निरोप, दर १०० मिलिसेकंदाला; तो किती वेळ आला नाही तर नवी निवडणूक लावायची तो इलेक्शन टाइमआउट १०००. पॅट्रोनीत, सेकंदांत, टीटीएल (प्रायमरीपदाची मुदत) ३०, लूप वेट (दोन फेऱ्यांमधला वेळ) १०, रिट्राय टाइमआउट १०.

लक्षण असं: सकाळी काही तक्रार नाही. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान एटसीडीचा लीडर आठ-दहा वेळा बदलतो. त्यातल्या एखाद्या वेळी लातूरचा पोस्टग्रेस आपण होऊन रीड-ओन्ली होतो आणि शाखांच्या पावत्या अडकतात. मशीन मात्र एकही बंद पडलेली नसते, तिन्हींचा अपटाइम ९० दिवसांच्या पुढं आहे.

इलेक्शन टाइमआउट किती करू? आकडा सांगा, पण त्यामागचा हिशोबही सांगा. नुसता आकडा उचलून टाकायचा नाहीये.

बालाघाटी

५००० करा आन् विषय संपवा राव.

मांजराकाठ

बालाघाटी भाऊंचा आकडा बरोबरही निघेल कदाचित. पण आधी हे ठरवायला पाहिजे की टाइमआउट आपल्याला सांगतो काय.

टाइमआउट संपला म्हणजे ठरल्या वेळेत समोरून काही ऐकू आलं नाही, एवढंच कळलं. का आलं नाही याची निदान पाच कारणं असू शकतात. मशीन बंद पडली. मशीन चालू, पण त्यावरची प्रक्रिया मेली. प्रक्रिया जिवंत आहे पण डिस्कपायी, गार्बेज कलेक्शनपायी (मेमरीची झाडलोट) किंवा व्हीएम (आभासी मशीन) थांबल्यामुळं थिजली. आपला निरोप तिकडं पोचत नाही. किंवा पोचतो, पण तिकडचा इकडं येत नाही. ऐकणाऱ्याला पाचही सारखीच दिसतात. तुमच्याकडं पहिलं कारण नाही हे अपटाइमनं सांगितलं, राहिली चार.

हा काही एटसीडीचा दोष नाही. निरोपाला लागणाऱ्या वेळेवर काहीच बंधन नसेल आणि एखादी प्रक्रिया मरू शकत असेल, तर एकमत होईलच अशी हमी देणारी ठरीव पद्धत असू शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्येच सिद्ध केलं. चंद्रा आणि तूएग यांनी १९९६ च्या निबंधात त्यातून वाट काढली: संशय घेणारा चुकणारच असं धरून चाला. मग त्याच्याकडून दोन गोष्टी मागता येतात. मेलेला कधी ना कधी पकडला जावा, आणि जिवंतावर नाहक आळ येऊ नये. टाइमआउट लहान केला की पहिली गोष्ट लवकर होते अन् दुसरी बिघडते. मोठा केला की उलट.

म्हणून आकडा विचारण्याआधी दोन खर्च मांडा. खोटा संशय आला तर तुमचं काय जातं? आणि खरा मेलेला उशिरा कळला तर काय जातं? चाळीस शाखांत पावती २० सेकंद थांबली तर ग्राहक खुर्चीत बसून राहील. दोन ठिकाणी दोन प्रायमरी झाले तर खातेवह्या जुळवायला आठवडा जाईल. हे दोन खर्च एका तागडीत बसणारे नाहीत.

आता मोजणी. लातूरवरून नांदेड आणि संभाजीनगर दोन्हीकडं पिंग (जाऊन परत येणारं चाचणीचं पाकीट) सोडा, दर ०.२ सेकंदाला एक, पूर्ण एक दिवस. दिवसाला ४,३२,००० नमुने मिळतात. सरासरी बघू नका, तिचा इथं काही उपयोग नाही. ९९ वा आणि ९९.९ वा शतमक (तेवढे टक्के नमुने ज्याच्या आत येतात तो आकडा) बघा, सगळ्यात मोठा आकडा बघा, आणि मुख्य म्हणजे सलग किती पाकिटं गेली ते बघा. त्यासाठी प्रत्येक ओळीवर वेळेचा शिक्का पाहिजे.

बालाघाटी

सलग कशाला? २ टक्के लॉस म्हणजे २ टक्के.

मांजराकाठ

तिथंच गोची आहे. समजा हार्टबीट सेकंदाला एक आहे, लॉस २ टक्के आहे आणि तीन चुकले की मेला समजायचं. प्रत्येक पाकीट आपापलं स्वतंत्र हरवत असेल तर सलग तीन हरवण्याची शक्यता ०.०२ चा घन, म्हणजे दहा लाखांत ८. दिवसाचे ८६,४०० हार्टबीट, म्हणजे दीड दिवसाला एक खोटा संशय. तीनऐवजी पाच चुका धरल्या तर तोच संशय दहा वर्षांत एकदा. कागदावर झकास दिसतं.

पण पाकिटं स्वतंत्र हरवत नाहीत, झुंडीनं हरवतात. वादळात रेडिओ लिंक डुलली की सलग चार सेकंद काहीच जात नाही, मग तासभर एकही पाकीट हरवत नाही. दिवसाचा लॉस ०.१ टक्का दिसतो आणि तुमच्या १०० मिलिसेकंदांच्या हिशोबानं पाच काय, चाळीस हार्टबीट सलग गेलेले असतात. म्हणून टाइमआउट हा लॉसच्या टक्क्यावरून नाही, सगळ्यात लांब झुंडीवरून ठरतो.

दुधना

मांजराकाठ यांच्याशी सहमत. पण पिंगवरून काढलेला आकडा एटसीडीला जसाच्या तसा लावू नका. पिंग आयसीएमपीवर जातो, त्यात हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवत नाहीत; एटसीडीचे हार्टबीट टीसीपीवरून जातात, ते पोच येईपर्यंत पुन्हा पाठवत राहतं. टीसीपी छोट्या खंडाचा मोठा खंड करतं.

कसं ते बघा. लिनक्समध्ये पाकिटाची पोच आली नाही तर पुन्हा पाठवण्याआधी वाट बघण्याचा काळ म्हणजे आरटीटीची (पाकीट जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या वेळेची) सरासरी, अधिक तिच्या चढउतारानुसार जास्तीचा वेळ. हा जास्तीचा वेळ २०० मिलिसेकंदाच्या खाली जात नाही. तुमचा आरटीटी २२ मिलिसेकंद धरला तर पहिला काळ साधारण २२२. दर अपयशाला तो दुप्पट होतो. आता लाइन ०.७ सेकंद गेली असं समजा. पहिला पुनर्प्रयत्न ०.२२ ला, तो वाया. दुसरा ०.६७ ला, तोही वाया. तिसरा येतो १.५५ ला. लाइन ०.७ लाच परत आली होती, पण टीसीपी गप्प बसून आपल्या घड्याळाची वाट बघत होतं. पिंगला पाऊण सेकंदाचा खंड दिसला, एटसीडीला दीड सेकंदाचा. १००० चा टाइमआउट तिथंच संपला.

टेल लॉस प्रोबसारख्या सुधारणांमुळं एखादं सुटं पाकीट हरवलं तर टीसीपी याच्यापेक्षा लवकर सावरतं. पूर्ण खंड पडला की मात्र हाच हिशोब. थोडक्यात, पिंगमध्ये दिसलेल्या सगळ्यात लांब खंडाची दुप्पट धरा आणि वर थोडा हात राखा.

एटसीडीचे स्वतःचे नियम पण लक्षात असू द्या. हार्टबीट हा मेंबरांमधल्या आरटीटीच्या आसपास, इलेक्शन टाइमआउट आरटीटीच्या किमान दहा पट, आणि हार्टबीटच्या पाच पटीपेक्षा कमी ठेवला तर एटसीडी चालूच होत नाही. तिन्ही मेंबरांवर आकडे सारखेच पाहिजेत. एकावर १००० अन् दुसऱ्यावर ५००० ठेवलं तर १००० वालाच दर वेळी निवडणूक लावत बसतो.

पूर्णाथडी

लातूर-नांदेड आरटीटी २२ कसा काय? रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आत आहे. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद, वळसे-वाकणं धरून तीन म्हणा.

दुधना

ऑपरेटरचा राउटर जिथं असेल तिथून फिरून येतं पाकीट. मुंबई नाहीतर हैदराबाद. ट्रेसरूट करून बघा, मधले थांबे दिसतील. आणि हे नुसत्या वेळेचं दुखणं नाही. लातूर-नांदेड आणि लातूर-संभाजीनगर या दोन्ही वाटा मुंबईच्या एकाच राउटरमधून जात असतील, तर तिसरं मत वेगळ्या गावात ठेवून काही साधलं नाही. लातूरच्या बाहेर रस्ता रुंदीकरणात जेसीबीनं एक डक्ट तोडला की दोन्ही एकदम जाणार. तिसऱ्या मशीनला वेगळ्या ऑपरेटरची लाइन घ्या.

तेरणाकाठ

एक दिवस मोजलं. नांदेडकडं निम्मी पाकिटं २२ मिलिसेकंदांच्या आत येतात, ९९ टक्के ४१ च्या आत. पण ९९.९ वा शतमक ६१० आहे, आणि सगळ्यात लांब सलग खंड २.४ सेकंदांचा. मोठे आकडे सगळे दुपारी २:१० ते ३:३० या वेळेतच. बाकी दिवसभर ६० च्या वर एकही नाही.

एटसीडीच्या लॉगमध्ये त्याच वेळेत एक इशारा पुन्हा पुन्हा आलाय: लीडरला हार्टबीट वेळेत पाठवता आला नाही, बहुधा डिस्क संथ आहे. म्हणजे नेटवर्क का डिस्क? दोन्ही एकाच वेळी कसं बिघडंल?

सिंदफणा

दोन्ही एकाच वेळी बिघडतात तेव्हा दोन्हीचं कारण एकच असतं. २:१० ला कोणता क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालतो?

तेरणाकाठ

पोस्टग्रेसचा बेस बॅकअप, लातूरवरून नांदेडला. रात्री लाइटचा भरवसा नाही म्हणून दुपारी लावला होता.

सिंदफणा

मग सापडलं.

बॅकअप डिस्कवरून सगळा डेटा वाचतो आणि त्याच डिस्कवर एटसीडीचा लॉग लिहिला जातो. एटसीडी प्रत्येक नोंद एफसिंक करून डिस्कवर बसल्याशिवाय पुढं जात नाही. त्या एफसिंकचा ९९ वा शतमक १० मिलिसेकंदांच्या आत पाहिजे अशी एटसीडीचीच शिफारस आहे. मेट्रिक्समध्ये हा हिस्टोग्राम तयार मिळतो, २:१० च्या आधीचा आणि नंतरचा शेजारी-शेजारी ठेवून बघा. लीडर डिस्कवर अडकला की हार्टबीट पाठवायलाच उशीर होतो. नेटवर्क कितीही चांगलं असू द्या, पाठवलंच नाही तर पोचणार काय?

दुसरीकडं बॅकअप लाइन भरून टाकतो. लाइन कितीची आहे?

तेरणाकाठ

५० एमबीपीएस.

सिंदफणा

म्हणजे सेकंदाला ६.२५ एमबी. राउटरच्या बाहेर जाणाऱ्या रांगेत ३ एमबी मावत असेल तर भरलेली रांग रिकामी व्हायला अर्धा सेकंद. हार्टबीटचं शे-दोनशे बाइटांचं पाकीट त्या रांगेच्या शेपटीला उभं राहतं. तुमचा ६१० मिलिसेकंदांचा आकडा हाच: २२ चा खरा रस्ता, बाकी रांगेतली ताटकळ. बाजार समितीच्या दारात हळदीच्या ट्रकांची रांग असताना मागं ॲम्ब्युलन्स अडकावी, तसं. आणि रांग ओसंडली की पाकिटं गळतात, तुमचा २.४ सेकंदांचा खंड तिथून आला.

तीन कामं करा, याच क्रमानं.

पहिलं, बॅकअपला लगाम घाला. पीजी-बेसबॅकअपला कमाल वेगाचा पर्याय आहे, तो सेकंदाला ४ एमबीवर बांधा. बॅकअपला जास्त वेळ लागेल, लागू द्या.

दुसरं, एटसीडीची डेटा डिरेक्टरी वेगळ्या एसएसडीवर न्या. २४० जीबीची साधी सॅटा एसएसडी पुरते, फक्त वीज जाताना डेटा वाचवणारी कपॅसिटर असलेली घ्या. नाहीतर एफसिंक खोटा किंवा संथ, दोन्हीपैकी एक मिळतो.

तिसरं, राउटरवर एटसीडीचे पोर्ट २३७९ आणि २३८०, पॅट्रोनीचा ८००८ यांना वरची रांग द्या. मायक्रोटिकचा राउटर असेल तर त्यातल्या क्यू ट्रीनं होतं. लाइनच्या खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर मर्यादा बांधा, म्हणजे रांग तुमच्या राउटरमध्ये लागेल. ऑपरेटरच्या राउटरमध्ये लागली तर तिथं तुमचा क्रम कोण पाळणार?

टाइमआउटला हात याच्यानंतर लावा. आधीच ५००० केला असता तर लीडर बदलला नसता, शाखा फक्त दुपारभर हळू चालल्या असत्या, आणि कारण कधी सापडलंच नसतं.

बालाघाटी

हाव, पटलं. माझे ५००० परत घेतो.

पण एक सांगा, हे आकडे हातानं ठरवत बसण्यापेक्षा आपोआप शिकणारा डिटेक्टर का लावत नाहीत? कॅसांड्रा डेटाबेसमध्ये असतो तसा.

मांजराकाठ

फाय ॲक्रुअल म्हणता ना, २००४ चा जपानमधला. तो जिवंत-मेला असं सांगत नाही, संशयाची पातळी देतो. मागच्या हार्टबीटांमधली अंतरं लक्षात ठेवतो आणि आत्तापर्यंतची शांतता किती दुर्मीळ आहे त्याचा लॉगरिदम काढतो. फाय १ म्हणजे संशय चुकीचा असण्याची शक्यता दहात एक, २ म्हणजे शंभरात एक, ८ म्हणजे दहा कोटींत एक. कॅसांड्राचा मूळ उंबरठा ८ आहे. तिथं गॉसिप (मशीनची आपसातली खबरबात) सेकंदाला एक चालतं आणि हिशोब सरासरी अंतरावर बेतलाय, म्हणून सरासरी १ सेकंद असेल तर ८ गाठायला साधारण १८ सेकंद लागतात.

दहा कोटींत एक हा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण तो मागच्या वागण्यावरून काढलेला. जेसीबी कधी येणार हे मागच्या हजार हार्टबीटांत लिहिलेलं नसतं. आणि उलटा धोकाही आहे. रांग हळूहळू वाढत गेली तर डिटेक्टर तीच वाढ शिकून घेतो आणि तक्रारच करत नाही. शेकडो नोड (मशीन), बदलतं क्लाउड नेटवर्क असेल तिथं तो कामाचा. तीन गावांतल्या तीन मशीनना हातानं मोजून ठेवलेला ठाम आकडा बरा. निदान रात्री दोनला लॉग वाचताना काय घडलं ते कळतं.

नोड खूप असतील तर २००२ च्या स्विम या पद्धतीची युक्तीही चांगली. एकाला दुसऱ्याचं उत्तर आलं नाही तर तो आणखी काही जणांना म्हणतो, तुम्ही विचारून बघा. फक्त दोघांमधलीच वाट तुटली असेल तर तिथंच कळतं. तीन नोडांत विचारायला एकच जण उरतो, त्यामुळं फायदा थोडका.

पूर्णाथडी

शाखांचं काय? तिथं तर कोणी हार्टबीटच पाठवत नाही. पोस्टग्रेसचं कनेक्शन उघडून ठेवतात आणि सुटतात.

दुधना

तिथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, आणि तक्रार मात्र सर्व्हर हँग झाला अशी येते.

लिनक्सचा मूळ टीसीपी कीपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का ते तपासणारा) ७२०० सेकंद गप्प बसतो, मग ७५ सेकंदांच्या अंतरानं ९ वेळा टकटक करतो. एकूण ७८७५ सेकंद, म्हणजे २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. तोही ॲप्लिकेशननं मागितला तरच. ४जीवर मधे ऑपरेटरचा नॅट असतो, तो एका पत्त्यामागच्या अनेक जोडण्या लक्षात ठेवतो. रिकामी पडून असलेली टीसीपी जोडणी २ तास ४ मिनिटांच्या आत विसरू नये असं आरएफसी ५३८२ हे इंटरनेटचं मानक सांगतं, पण डोंगलवर त्याच्या कितीतरी आधी विसरलेली दिसते. जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली पावती टाकली की ती अडकते ती यानं.

आता गंमत बघा. पावतीचा डेटा पाठवला आणि त्याची पोच आली नाही, की कीपअलाइव्ह चालतच नाही. तो फक्त शांत जोडणीवर चालतो. डेटा अधांतरी असताना पुनर्प्रयत्नाचं घड्याळ चालतं. मूळ सेटिंग १५ पुनर्प्रयत्नांची, त्याचे सुमारे ९२४ सेकंद होतात. पंधरा मिनिटांच्या वर काउंटरवरचा माणूस गोल फिरणारं चक्र बघत बसतो.

शाखांच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये हे टाका: कीपअलाइव्हचा आयडल ६० सेकंद, इंटरव्हल १०, काउंट ३, म्हणजे शांत जोडणी मेलेली दीड मिनिटात कळेल. टीसीपी युजर टाइमआउट २०,००० मिलिसेकंद, म्हणजे अधांतरी डेटा २० सेकंदांत निकालात निघेल. हा पर्याय पोस्टग्रेस १२ पासून आहे. कनेक्ट टाइमआउट ५ सेकंद. होस्टमध्ये लातूर आणि नांदेड दोन्ही लिहा आणि सेशन रीड-राइट मागा, म्हणजे फेलओव्हरनंतर (प्रायमरीपद दुसरीकडं गेल्यावर) शाखा आपण होऊन नांदेडला जातील. वायरगार्ड व्हीपीएन वापरत असाल तर त्याचा पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नॅट जागा राहतो.

पुन्हा जोडताना चाळीस शाखांनी एकाच सेकंदाला दार ठोठावू नये. थांबण्याचा काळ १, २, ४, ८ असा वाढवा, ३० ला अडवा, आणि प्रत्येक वेळी शून्य ते त्या आकड्यामधला कुठलाही यादृच्छिक काळ घ्या. एक अट: टाइमआउट झालेली पावती पुन्हा पाठवण्याआधी तिला शाखेतच दिलेला एकमेव क्रमांक पाहिजे. टाइमआउट म्हणजे पावती झाली नाही असं नव्हे. झाली आणि उत्तर हरवलं असंही असतं.

सिंदफणा

दुधना यांच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं. मुख्य दुखणं अजून कोणी काढलंच नाही. खोटा संशय आलाच तर दोन प्रायमरी होणार नाहीत, याची काय तजवीज आहे?

२१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या नेटवर्क हब आणि डेटा सेंटरमधला संपर्क ४३ सेकंद तुटला. प्रायमरी बदलणाऱ्या ऑर्केस्ट्रेटर प्रणालीनं आपलं काम चोख केलं, पश्चिम किनाऱ्यावर नवे प्रायमरी नेमले. पण दोन्हीकडं अशा नोंदी होत्या ज्या दुसरीकडं पोचल्याच नव्हत्या. ४३ सेकंदांचं निस्तरायला २४ तास ११ मिनिटं गेली.

पॅट्रोनीत यावरचा पहिला बंदोबस्त म्हणजे लीडरची किल्ली. प्रायमरीला ती टीटीएलच्या आत नव्यानं घ्यावी लागते, नाही जमलं तर तो स्वतःहून खाली उतरतो. तुमचा लातूरचा पोस्टग्रेस रीड-ओन्ली व्हायचा तो यानंच. तो बिघाड नव्हता, राखण होती. इथं हिशोबाचा नियम आहे: लूप वेट अधिक रिट्राय टाइमआउटची दुप्पट, ही बेरीज टीटीएलपेक्षा जास्त नको. मूळ आकड्यांत १० अधिक २० बरोबर ३०, काठोकाठ. रिट्राय १५ केला तर ४० होतात, मग टीटीएल ४५ घ्या.

पण पॅट्रोनीची प्रक्रियाच थिजली तर उतरवणार कोण? त्यासाठी वॉचडॉग. पॅट्रोनी दर फेरीला त्याला थोपटतो. थोपटणं थांबलं की तो मशीनच रीसेट करतो, मूळ सेटिंगमध्ये टीटीएल संपायच्या ५ सेकंद आधी. मोड ऑटोमॅटिक नको, रिक्वायर्ड ठेवा, म्हणजे वॉचडॉग चालत नसेल तो नोड लीडरच होणार नाही. सॉफ्टडॉग कर्नलमधला टायमर आहे, प्रक्रिया थिजली तर पुरतो. अख्खी व्हीएम थांबली तर तोही थांबतो, तिथं हार्डवेअरचा पाहिजे.

कोणी आपली स्वतःची लीज (मुदतीची मालकी) लिहीत असेल तर दोन गोष्टी. मुदत मोजायला भिंतीवरचं घड्याळ वापरू नका, मोनोटॉनिक (फक्त पुढंच चालणारं) वापरा. सीमॉस बॅटरी गेलेली मशीन लाइट आल्यावर जुन्या तारखेला उठते, मग वेळ जुळवणारा एनटीपी तिला एकदम पुढं ढकलतो, आणि सगळ्या लीज एका क्षणात संपल्या असं वाटतं. दुसरं, घेणाऱ्यानं मुदत विनंती पाठवली तिथून मोजावी, उत्तर आलं तिथून नाही. देणारा विनंती पोचल्यापासून मोजतो. म्हणजे घेणाऱ्याची मुदत कायम आधी संपते आणि मधे दोघं मालक होत नाहीत.

बालाघाटी

लाइटीचं निघालंच आहे तर माझं पण घ्या. सर्व्हर यूपीएसवर असतो, राउटर यूपीएसवर असतो, आणि ऑपरेटरचा मीडिया कन्व्हर्टर भिंतीवरच्या साध्या बोर्डात खोचलेला असतो. लाइट गेली की सर्व्हर जिवंत, राउटर जिवंत, लाइन मेलेली. पोर्टची लाइट हिरवीच राहते, कारण मधे स्विच असतो. इन्व्हर्टर असेल तर मागं नॉर्मल आणि यूपीएस असं बटण असतं, ते यूपीएसवर पाहिजे. नॉर्मलवर बदली व्हायला इतका वेळ लागतो की छोटे अडॅप्टर रीस्टार्ट होतात. ओएनटी (फायबरचा मोडेम) परत उठायला दीड-दोन मिनिटं. तिथं तुमचं टीटीएल ४५ पण कमीच पडायलंय.

मांजराकाठ

हा आत्तापर्यंतचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. खरंच बघा.

तेरणाकाठ

बघितलं. लातूरला यूपीएसवर आहे, नांदेडचा कन्व्हर्टर बोर्डात निघाला. आज हलवला.

बदल असे केले. बॅकअप ४ एमबीवर बांधला, एटसीडी वेगळ्या एसएसडीवर, राउटरवर क्रम लावला. दोन दिवस मोजलं: सगळ्यात मोठा आरटीटी ९५ मिलिसेकंद, सगळ्यात लांब खंड ०.६ सेकंद. एफसिंकचा ९९ वा शतमक ४ मिलिसेकंद. मग हार्टबीट २००, इलेक्शन ३०००, तिन्हीवर सारखे. पॅट्रोनीत टीटीएल ४५, रिट्राय १५, लूप १०, वॉचडॉग रिक्वायर्ड. मशीन खरंच मेली तर नांदेड उभं राहायला पाऊण मिनिट आणि वर थोडं. आमच्या कामाला चालतं.

आता हे चालतं का ते तपासायचंय. लातूरला किल मायनस नऊ मारून, म्हणजे प्रक्रिया जागीच मारून, बघू का?

दुधना

त्यानं टाइमआउट तपासला जात नाही. प्रक्रिया मारली तरी कर्नल जिवंत असतो, तो सॉकेट बंद करून समोरच्याला लगेच कळवतो. जोडण्या झटकन सुटतात आणि आपण खूश होतो. खरी मशीन मरताना निरोप देऊन मरत नाही.

चार वेगळ्या चाचण्या करा, रविवारी, शाखा बंद असताना.

एक, लातूरची वीजच काढा, यूपीएसच्या मागून. शांत मरण.

दोन, आयपीटेबल्स या फायरवॉलनं एटसीडीची पाकिटं ड्रॉप करा. रिजेक्ट नको. रिजेक्ट केलं की समोरच्याला लगेच नकार मिळतो, ड्रॉपमध्ये शांतता मिळते, आपल्याला शांतताच पाहिजे.

तीन, तेच ड्रॉप फक्त येणाऱ्या दिशेला. लातूर बोलतोय पण ऐकत नाही, अशी अर्धी तुटलेली वाट. पुष्कळ मांडण्या इथंच लटकतात.

चार, पॅट्रोनीला सिगस्टॉप. प्रक्रिया थिजते, पण तिच्या वतीनं कर्नल टीसीपीची पोच देत राहतो, कीपअलाइव्हलाही उत्तर देतो. बाहेरून जोडणी ठणठणीत दिसते. हे फक्त ॲप्लिकेशनचा स्वतःचा हार्टबीट आणि वॉचडॉगच पकडू शकतात.

प्रत्येक चाचणीच्या वेळी शाखेच्या बाजूनं सेकंदाला एक नोंद टाकणारी स्क्रिप्ट चालू ठेवा, प्रत्येक नोंदीला क्रमांक. शेवटी क्रमांक मोजा. मधली पोच न मिळालेली नोंद चालेल, पण पोच मिळालेली एकही गायब नको.

पूर्णाथडी

प्रायमरी-स्टँडबाय असिंक्रोनस असेल, म्हणजे प्रायमरी स्टँडबायची वाट न बघता पोच देत असेल, तर शेवटच्या काही पोच मिळालेल्या नोंदी जाऊ शकतात. तो टाइमआउटचा दोष नाही, आधीच ठरवून घ्या किती चालतील. पॅट्रोनीत स्टँडबायनं कमाल किती बाइट मागं असावं हे बांधता येतं, मूळ आकडा १ एमबीचा आहे.

तेरणाकाठ

रविवारी चारही केल्या.

वीज काढली: ४८ सेकंदांत नांदेड प्रायमरी. दोन्हीकडून ड्रॉप: लातूर आधी खाली उतरला, मग नांदेड उभं राहिलं, क्रम बरोबर. सिगस्टॉप: वॉचडॉगनं लातूर रीसेट केला, नांदेड त्याच्यानंतर वर आलं. तिन्हींत पोच मिळालेली एकही नोंद गेली नाही.

एका दिशेच्या ड्रॉपमध्ये मात्र शाखेची स्क्रिप्ट चार मिनिटं लटकली. फेलओव्हर वेळेत झाला होता, स्क्रिप्टच जुन्या जोडणीला धरून बसली होती.

दुधना

त्या स्क्रिप्टच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये टीसीपी युजर टाइमआउट टाकलाय का?

तेरणाकाठ

शाखांच्या टाकला, स्क्रिप्टच्या राहिला. टाकून पुन्हा केली, २३ सेकंद.